अकरा फूट दोन इंच

रकाना ७. घटना थोडक्यात लिहा. (जागा : दोन ओळी.)

हा रकाना दोनच ओळींचा का, असं एकतीस वर्षांत निदान हजार माणसांनी वेंडेल स्ट्रूपला विचारलं होतं. विचारणाऱ्यांपैकी कुणाचं पत्र्याचं गॅरेज वाऱ्याबरोबर शेजाऱ्याच्या अंगणात राहायला गेलेलं असायचं, कुणाच्या मोटारीवर हरणाने उडी मारलेली असायची. विमा कंपनीचा तपासनीस म्हणून वेंडेल सगळ्यांना एकच उत्तर द्यायचा : "माणूस खरं बोलत असेल तर दोन ओळी पुरतात."

आता तोच अर्ज मांडीवर घेऊन वेंडेल मिशिगनमधल्या एका तळ्याकाठी लाकडी बाकावर बसला होता. दोन ओळी संपल्या होत्या. समास संपला होता. कागदाची पाठ निम्मी भरली होती आणि हकिगत अजून मार्च महिन्यातच होती.

तेव्हा अर्ज राहू द्या. त्याला लिहू द्या. आपण पुढे जाऊ.

*

अकरा फूट दोन इंच. (ट्रेलर, मार्चमध्ये.)

निवृत्त झाल्यावर वेंडेलने ट्रेलर घेतला. चाकांवरचं घरच ते : पलंग, शेगडी, संडास, वर छतावर एसीचं टेंगूळ, लांबी एकतीस फूट. आता उत्तर इंडियानात, जिथे अर्ध्याहून अधिक माणसं असले ट्रेलर बांधूनच पोट भरतात, तिथे ट्रेलर घेणं म्हणजे हलवायांच्या आळीत घरी जिलबी करण्यासारखं. शेजारी अभिनंदन करत नाहीत. ते वाकून खाली बघतात.

उजवीकडच्या फर्न योडरने बावीस वर्षं कारखान्यात ट्रेलरांना चाकं बसवली होती. समोरच्या मिल्ट सोबचॅकने छतं. दोघेही पहिल्याच दिवशी येऊन ट्रेलरवर थापा मारून गेले, घोडा विकत घेताना मारतात तशा.

"मोजलास का?" मिल्टने विचारलं.

"तीनदा," वेंडेल म्हणाला.

आणि खरंच तीनदा. एकदा टेपने, एकदा छतावर फळी आडवी ठेवून, आणि एकदा मार्लिसला, म्हणजे बायकोला, शिडीवर चढवून. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं. मग वेंडेलने लेबल छापायचं छोटं यंत्र काढलं, पांढऱ्यावर काळं, ठळक, "११ फूट २ इंच" असं छापलं आणि पिकअपमध्ये स्टीअरिंगच्या समोर चिकटवलं. वर पारदर्शक पट्टी. वरून अंगठा.

एवढा सोपस्कार कशासाठी? गार्थसाठी.

गार्थ हा मार्लिसचा भाऊ. नऊ वर्षांपूर्वी त्याच्या ट्रेलरचं छत एका रेल्वेपुलाने सार्डिनच्या डब्यासारखं उघडलं होतं. त्याच्या विमा कंपनीने भरपाई नाकारल्याचं पत्र पाठवलं. ते पत्र गार्थने थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. सगळे म्हणाले, अरेरे. सासूबाई म्हणाल्या, अरेरे. कंपनी वेंडेलची नव्हती, पत्र वेंडेलचं नव्हतं, तोंडात टर्की होती. गप्प बसायला याहून चांगली सोय कुठली? पण वेंडेलने घास गिळला आणि म्हणाला :

"पूल हलत नाही, गार्थ."

बस. गार्थने काटा खाली ठेवला. तेव्हापासून नऊ वर्षं गार्थच्या तळ्याकाठच्या घरी वेंडेलला कुणी बोलावलं नव्हतं. मार्लिस एकटी जायची आणि परत आल्यावर दोन दिवस भांडी जोरात ठेवायची.

यंदा सासूबाई, हल्डाआजी, नव्वदीच्या होणार होत्या. एप्रिलमध्ये गार्थचा फोन आला.

"आईचा हुकूम आहे. जुलैच्या दुसऱ्या शनिवारी, बरोबर चारला केक. सगळ्यांनी यायचं. सगळ्यांनी म्हणजे तूसुद्धा. घरात जागा नाही, झोपायचं तुमचं तुम्ही बघा."

"आम्ही ट्रेलर आणतोय," वेंडेल म्हणाला.

पलीकडे खुर्ची करकरली. "उंची किती?"

"अकरा फूट दोन इंच. तीनदा मोजलीय."

"अकरा... दोन," गार्थ म्हणाला, आणि कागदावर पेन्सिल चालल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

वेंडेलने फोन ठेवला. "बघितलंस? लिहून घेतो! मी कुठे धडकलो की सगळ्यांसमोर वाचून दाखवायला!"

"उभा कुठे करायचा ते बघायला विचारलं असेल," मार्लिस म्हणाली.

"तू त्याची बहीण आहेस."

"आणि तुझी बायको आहे. वेंडेल, हे बघ. चारला केक आहे. आई नव्वद वर्षांची आहे. छताला ओरखडा न पाडता तिथे पोचलास, तर पुढची सगळी थँक्सगिव्हिंग आपली. ओरखडा पडला, तर ती मी एकटीच करीन. कायमची."

*

अकरा फूट दोन इंच, अधिक शेजारी.

मे महिन्यात ट्रेलर घराच्या उतारावरून रस्त्यावर काढताना त्याचं मागचं टोक खर्रकन घासलं. तो आवाज ऐकून फर्न योडर हातातला पाण्याचा पाइप टाकून आली.

"शेपूट घासतंय तुझं."

"जरासंच."

"आज जरासं. उद्या संडासाची टाकी रस्त्यावर." ती वाकली, बघितलं, उठली. "चाकं आणि सांगाडा यांच्या मध्ये तीन इंचांचे लोखंडी ठोकळे टाकते. ट्रेलर वर उचलला जाईल. दुपारचं काम आहे."

दुपारचंच काम निघालं. फर्नने स्वतःचे जॅक आणले, स्तोत्रं गुणगुणत चारही चाकं सोडली, ठोकळे बसवले आणि वर एक डबा रूबार्बचा मुरंबा देऊन गेली. ट्रेलर आता असा दिमाखात उभा होता की वेंडेल त्याच्याभोवती दोनदा फिरला.

(कुणाला काही खटकलं का? वेंडेलला खटकलं नाही. वाचकांना खटकलं असेल तर त्यांनी फर्न योडरच्या गल्लीत राहून बघावं. तिथे माणूस उपकाराखाली इतका वाकलेला असतो की वर बघणं होत नाही.)

जूनमध्ये मिल्ट सोबचॅक मासे धरायची गळकाठी घेऊन आला. "पुढच्या बंपरवर ही उभी लावायची. टोकाला घंटी. ट्रेलरच्या उंचीएवढी. पुढे काही खाली आलेलं असलं की आधी घंटी लागते, टिंग! तू ब्रेक मारतोस. छत वाचतं."

"ट्रेलर पुन्हा मोजायला टेप आणतो," वेंडेल म्हणाला.

"कशाला? लेबल आहे ना." मिल्टने पिकअपच्या खिडकीत डोकं घातलं, वाचलं, काठी बरोबर अकरा फूट दोन इंचांवर कापली आणि अशा डिंकाने चिकटवली की, तो म्हणाला, बंपर सुटेल पण ही सुटणार नाही.

लेबलाचा हाच गुण असतो. ते छापलेलं असतं.

*

चौदा फूट सहा इंच. (पेट्रोल पंपाचं छप्पर.)

निघाले शनिवारी सकाळी सहाला. वेंडेलच्या वहीत वाटेतले सत्तावीस पूल, त्यांच्या उंच्या, आणि प्रत्येकापुढे बरोबरची खूण करायला चौकोन.

पंपाचं छप्पर ट्रेलरपेक्षा तीन फूट वर होतं. वेंडेल तरी उतरला, छपराखालून चालत गेला, चालत आला, पाटी वाचली, पुन्हा वाचली. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न दिला.

"ओ काका! पेट्रोल भरताय की छप्पर विकत घेताय?"

वेंडेलने त्याच्याकडे अशा माणसाच्या नजरेने बघितलं, ज्याने छपरं पडलेली पाहिली आहेत.

*

उंची अनिश्चित. (मेपलची फांदी, अनेक.)

टिंग.

टिंग.

टिंगटिंग. टिंग.

"सगळी पानंच आहेत," मार्लिस म्हणाली. वेंडेल प्रत्येक टिंगला ब्रेक मारत होता आणि मागे स्वयंपाकघरात प्रत्येक ब्रेकला काहीतरी खाली येत होतं. एका गावात रस्त्यावर आडवं टांगलेलं स्ट्रॉबेरी महोत्सवाचं कापड घंटीत अडकलं आणि अर्धा मैल बरोबर आलं. ते परत नेऊन देण्यात वीस मिनिटं गेली. ते देताना वेंडेलला दोन जणांना सांगावं लागलं की नाही, तो महोत्सवाचा अध्यक्ष नाही.

*

नऊ फूट. (कॉफीच्या दुकानाची गाडीतून घ्यायची खिडकी.)

मार्लिसला कॉफी हवी होती. दुकानाचं दार दुरुस्तीसाठी बंद, फक्त गाडीवाल्यांची खिडकी चालू. खिडकीच्या वाटेवर नऊ फुटांवर साखळीने पिवळा दांडा टांगलेला. वेंडेलने ट्रेलर रस्त्याच्या कडेला लावला आणि एका व्हॅनच्या मागे, एका पिकअपच्या पुढे, रांगेत पायी उभा राहिला. व्हॅन एक गाडी पुढे सरकली की तोही एक गाडी पुढे.

खिडकीतल्या बाईने त्याच्या डोक्यावरून पलीकडे बघितलं. "गाडी कुठाय?"

"मागे. एकतीस फूट."

"गाडीशिवाय देता येत नाही हो."

"गाडीसकट येता येत नाही."

हा प्रश्न कंपनीच्या नियमावलीत कुठेच नव्हता. शेवटी मागच्या पिकअपवाल्याने माणुसकी दाखवली : वेंडेल त्याच्या शेजारी जाऊन बसला, पट्टा लावला, तीन फूट प्रवास केला, दोन कॉफ्या घेतल्या, आणि आभार मानून उतरला.

*

अकरा फूट चार इंच.

बाराव्या पुलानंतर रस्त्यावर नारिंगी पाट्या आल्या. काम चालू, पर्यायी रस्ता डावीकडून. पर्यायी रस्ता वहीत नव्हता. तो टिल्सन नावाच्या गावात शिरला, एका वळणावर वळला, आणि समोर रेल्वेचा पूल. जुना, लोखंडी, कडेला खरवडून खरवडून चांदीसारखा चकाकणारा. पाटी : ११ फूट ४ इंच.

वेंडेलने लेबलाकडे बघितलं. पाटीकडे बघितलं. वजाबाकी केली. "दोन इंच जागा आहे," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात नऊ वर्षांचा गोडवा होता.

गळकाठी पुलाखालून गेली. घंटी गप्प. पिकअप गेलं. ट्रेलरचं नाक गेलं.

तेव्हा त्याला ती माणसं दिसली.

पुलाच्या पलीकडे, आइस्क्रीमच्या दुकानासमोरच्या हिरवळीवर, पंधरा-वीस माणसं घडीच्या खुर्च्या मांडून बसली होती. सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे. सगळ्यांच्या हातात फोन, उभे धरलेले. पुढच्या खुर्चीत एक जाडजूड म्हातारी बाई आइस्क्रीमचा कोन ओठांपर्यंत नेऊन तशीच थांबली होती, जीभ बाहेर.

वेंडेलने आयुष्यभर अपघात झाल्यानंतरचे चेहरे पाहिले होते. हे अपघात होण्याआधीचे होते.

त्याने ब्रेक मारला.

"अरेरे," खुर्च्यांमधून एकमुखाने आलं. खरी, मनापासूनची हळहळ.

मार्लिस टेप घेऊन उतरली, शिडीवरून एसीपर्यंत चढली. टेंगूळ आणि पूल यांच्यात समोरासमोर एक वीत अंतर होतं. ती खाली आली तेव्हा तिचा चेहरा शांत होता, आणि लग्नाला अडतीस वर्षं झालेल्या माणसाला शांत चेहऱ्याचा अर्थ कळतो.

"अकरा फूट पाच," ती म्हणाली.

"शक्यच नाही. तीनदा मोजलंय."

"ठोकळे, वेंडेल."

"कुठले ठोकळे?"

तिने बोट खाली केलं. वेंडेलने हळूहळू खाली, चाकांकडे बघितलं. फर्न योडरचं काम. तीन इंच. मुरंब्यासकट.

तोवर आइस्क्रीमवाली बाई खुर्ची काखेत मारून आली होती. तिचं नाव युनिस व्हँडरमोलन. "तू थांबलास कसा?" तिने विचारलं. रागावली नव्हती, दुखावली होती. "कुणी थांबत नाही. तिकडे बघ." दुकानाच्या भिंतीवर फळा होता : पूल ६३, पाहुणे ०. "अडकणाऱ्याला मोफत कोन असतो. तुला देता यायचा नाही."

"मला कोन नकोय. मला मागे जायचंय."

मागे गवताच्या गठ्ठ्यांचा ट्रक होता, त्याच्या मागे वळण, आणि वळणापलीकडे टिल्सनमधली सगळी शनिवारची वाहतूक. घड्याळात सव्वा. इथून तळं दोन तासांवर. इतक्यात गावाचा पोलिस आला, ब्रेंट नावाचा, शंभर किलोंचा, हातात हॉट डॉग.

"हवा काढ टायरांतली," ब्रेंट म्हणाला.

"हवेने एकच इंच जातो," युनिस म्हणाली. "मला त्रेसष्ट जणांचा अनुभव आहे. हवेने एक इंच. त्याला दोन पाहिजेत, आणि पूल घसटून जायला नको असेल तर थोडी दयाही."

"मग दुसरा इंच?"

युनिसने खुर्च्यांकडे बघितलं. खुर्च्यांनी युनिसकडे. गावाच्या मनात एक विचार एकदम येतो तेव्हा तो दिसतो. पाखरांचा थवा वळल्यासारखा. पहिला उठला तो गवताच्या ट्रकचा ड्रायव्हर.

"बसा रे आत!"

"चालत्या ट्रेलरमध्ये माणसं बसवणं बेकायदा आहे," ब्रेंट म्हणाला.

"चालता? गोगलगाय पुढे जाईल याच्या. तुझं वजन किती, ब्रेंट?"

ब्रेंटने हॉट डॉगचा शेवटचा घास घेतला, विचार केला, आणि थेट चाकांच्या वर, पलंगाच्या मधोमध जाऊन बसला.

तेवीस माणसं चढली. पलंगावर नऊ, सोफ्यावर सहा, न्हाणीत दोन, आणि उरलेले स्वयंपाकघरात, तिथे कुणीतरी फ्रिज उघडून "काकडीचं लोणचं कुणाचं?" असं विचारलं आणि उत्तराची वाट पाहिली नाही. आतून गाणी सुरू झाली. ट्रेलर कण्हला आणि बसला. टायरांतून हवा सुसकारत गेली. मार्लिस युनिसच्या खुर्चीवर उभी राहून गाल पुलाच्या लोखंडाला टेकवून बघू लागली.

"ये!" ती ओरडली. "ये... ये... थांब! सगळ्यांनी श्वास सोडा! ...ये! एक बोट आहे! वेंडेल, एक पूर्ण बोट आहे!"

आतून तेवीस जणांनी श्वास सोडल्याचा आवाज आला. टेंगूळ पुलाखाली गेलं. टेंगूळ पुलाबाहेर आलं.

सगळे असे ओरडले की पलीकडच्या चर्चपर्यंत ऐकू गेलं. युनिसने फळ्यावरचं शून्य पुसून एक लिहिला, खडू मोडेपर्यंत दाबून. ब्रेंट बाहेर येऊन वेंडेलला मिठी मारून रडला. कोन मिळाला, नियम बदलला गेला. गॅरेजवाल्याने टायरांत पुन्हा हवा भरली. वेंडेलने लेबलावर पेनाने २ खोडून ५ केलं, खाली सही केली.

घंटीचं कुणाच्याच लक्षात आलं नाही.

*

अकरा फूट तीन इंच.

चारला दहा कमी असताना तळं दिसलं. छताला ओरखडा नाही. वेंडेल गाणं म्हणत होता.

गार्थच्या वाटेच्या तोंडाशी कमान होती. नवी कोरी, पाइनच्या फळ्यांची, निळ्या रंगाने "हल्डा ९०" लिहिलेली, दोन्ही बाजूंना फुगे. कमानीपलीकडे वाटेच्या कडेला केकचं टेबल, भाचे, भाच्या, चाकांच्या खुर्चीत मुकुट घातलेल्या हल्डाआजी. आणि कमानीखाली खुद्द गार्थ, दोन्ही हात उंच करून बोलावत.

"या, या इन्शुरन्सवाले साहेब! चारला पाच कमी! सरळ या आत!"

वेंडेलचा पाय ब्रेकवर गेला. उतरावं. मोजावं. टेप दारातच होता. पण तिथे नऊ वर्षांनी गार्थ हसत होता. आपण उतरून, त्याच्या आईच्या वाढदिवसाला, त्याने स्वतःच्या हातांनी बांधलेल्या कमानीला टेप लावायचा? सगळ्यांसमोर? वेंडेलने घंटीकडे बघितलं. घंटी कमानीखालून गेली. गप्प.

"भरपूर जागा आहे!" गार्थ बाजूला होत ओरडला. "तुझ्याचसाठी बांधलीय! तू सांगितलंस त्याच्याहून एक इंच जास्तच ठेवलाय!"

"वेंडेल," मार्लिस सावकाश म्हणाली, "फोनवर तू त्याला किती सांगितलं होतंस?"

एसीचं टेंगूळ कमानीला लागलं.

कमान मोडली नाही. गार्थची सुतारकी चांगली होती. ती खांबांसकट जमिनीतून उपटली गेली, ट्रेलरच्या डोक्यावर बसली, आणि फुगे उडवत, "हल्डा ९०" मिरवत, केकच्या टेबलापासून दोन हातांवर येऊन थांबली. एसीचं झाकण उडून तळ्यात गेलं आणि तरंगत राहिलं.

चार वाजले.

गार्थ चालत आला. खिडकीत वाकला. स्टीअरिंगसमोरचं लेबल वाचलं : खोडलेलं २, पेनाने काढलेलं ५, सही. बराच वेळ वाचलं.

"कमान हलत नाही, वेंडेल," गार्थ म्हणाला.

वेंडेलने आरशात बघितलं. "ही हलली, गार्थ. तीस फूट."

गार्थच्या तोंडून जो आवाज निघाला तो आधी खोकल्यासारखा वाटला. मग तो खिडकीला धरून खाली बसला आणि हसत राहिला, डोळे पुसत. वेंडेलला स्टीअरिंगवर डोकं टेकवायला लागलं, त्यामुळे हॉर्न वाजला, तो वाजतच राहिला, आणि हल्डाआजींना वाटलं केक कापायची खूण झाली. त्यांनी कापला.

संध्याकाळी कमान उतरवायला कुणी तयार होईना. आजी म्हणाल्या, राहू दे तिथेच, दुरून दिसते.

बाकावर गार्थ वेंडेलशेजारी येऊन बसला, केकची बशी पुढे सरकवली. "काय लिहितोयस इतकं? दोनच ओळींची जागा आहे ना?"

वेंडेलने भरलेला अर्ज चुरगळला. पिशवीतून कोरा काढला, एकतीस वर्षांच्या सवयीने त्याच्याकडे तो असायचाच. रकाना सात. त्याने लिहिलं :

मेहुण्याने हात करून आत बोलावलं.

मी न मोजता गेलो.